कंपायलरचा पगार आणि आपल्या मुलांचा वेळ

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं सध्या एक प्रश्न फार विचारतात. ‘सर, एमएल कंपायलर इंजिनिअरला खरंच एवढा पगार मिळतो का?’ ‘एवढा’ म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळं असतं. कुणी दोन कोटी सांगतं, कुणी चार. मी गेली कित्येक वर्षं संगणकशास्त्र शिकवतो. सिस्टिम प्रोग्रॅमिंग आणि कंपायलर हे माझे विषय. ज्या तासाला मागची तीन बाकं रिकामी असायची, त्या विषयाचा आज भाव विचारला जातो याची गंमत वाटते. आनंदही होतो. पण या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात दिलं तर ती मुलांची फसवणूक होईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पगार खरा आहे. तिथवर जाणारी वाट आपल्यासारख्या घरांतल्या मुलांसाठी इतर अनेक वाटांपेक्षा मोकळीही आहे. मात्र या वाटेवर फीपेक्षा वेळ जास्त लागतो आणि आपल्या घरांत नेमकी त्याचीच टंचाई आहे. समाजाला या मुलांसाठी काही करायचं असेल तर त्यांना वेळ मिळवून द्यावा लागेल.

हे काम आहे तरी काय?

कंपायलर म्हणजे दुभाष्या. प्रोग्रॅमर जे लिहितो ते माणसाला वाचता येतं. प्रोसेसरला मात्र त्याच्या ठरावीक आज्ञांपलीकडे काही कळत नाही. मधलं भाषांतर कंपायलर करतो. ही कल्पना जुनी आहे. आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये फोर्ट्रानचा कंपायलर बाहेर काढला, तेव्हा हाताने लिहिलेल्या आज्ञांइतका वेगवान प्रोग्रॅम यंत्राकडून तयार होईल यावर अनेक जाणकारांचा विश्वास नव्हता. तो झाला, आणि पुढचा सगळा सॉफ्टवेअरचा धंदा त्या पायावर उभा राहिला.

मशीन लर्निंगमध्ये तोच जुना प्रश्न नव्या कपड्यांत आला आहे. संशोधक आपलं मॉडेल पायटॉर्चसारख्या साधनात, पायथॉन भाषेत लिहितो. त्याच्या पोटात शिरून पाहिलं तर आकड्यांचे अवाढव्य तक्ते आणि त्यांचे एकमेकांशी गुणाकार, एवढंच दिसतं. हे गुणाकार कधी एनव्हिडियाच्या चिपवर चालवायचे असतात, कधी एएमडीच्या, कधी गूगलच्या टीपीयूवर, कधी तुमच्या खिशातल्या फोनवर. प्रत्येकाची अंतर्गत रचना वेगळी.

अडचण कुठे आहे ते समजण्यासाठी दावतीचा भटारखाना डोळ्यांसमोर आणा. दहा चुली पेटलेल्या आहेत, हाताखाली माणसं भरपूर आहेत, पण तांदूळ, कांदा, तेल, मसाला सगळं लांबच्या कोठीत. एक माणूस कोठीतून कांदा आणतो, तळतो आणि तळलेला कांदा परत कोठीत नेऊन ठेवतो. मग दुसरा जातो, तोच कांदा पुन्हा घेऊन येतो आणि मसाल्यात घालतो. चुली जळत राहतात, भटारी हात बांधून उभा. बिर्याणीला उशीर होतो तो या येरझाऱ्यांमुळे. आजच्या एआय चिपची गत अशीच आहे. गुणाकार करणारे तिचे हजारो घटक कमालीचे वेगवान आहेत. आकडे लांबच्या मेमरीतून येईपर्यंत ते रिकामे बसतात.

चांगला कंपायलर कांदा तळला की तिथल्या तिथे मसाल्यात घालतो, म्हणजे दोन-तीन क्रिया जोडून एक करतो. याला फ्यूजन म्हणतात. ओट्यावर मावेल तेवढाच माल तो एका खेपेत आणतो. याला टायलिंग म्हणतात. पुढची देग चढण्याआधीच तिच्या मालासाठी माणूस पिटाळून ठेवतो. हे कोणताही मुरलेला भटारी करील, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण इथे प्रत्येक चिपचा भटारखाना वेगळा आणि पदार्थांची यादी दर महिन्याला बदलणारी. हाताने एकेका पदार्थाची मांडणी करत बसलं तर आयुष्य पुरणार नाही. कोणताही भटारखाना आणि कोणतीही यादी समोर ठेवली तरी योग्य मांडणी आपणहून शोधणारा प्रोग्रॅम लिहायचा, हे एमएल कंपायलर इंजिनिअरचं काम.

हे क्षेत्र किती तरुण आहे पाहा. त्याचा मोठा आधार असलेला एलएलव्हीएम हा प्रकल्प २००० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला. विक्रम अडवे हे तिथले प्राध्यापक आणि ख्रिस लॅटनर हा त्यांचा विद्यार्थी. गूगलने एक्सएलए २०१७ मध्ये लोकांसमोर आणला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या टीव्हीएमचा शोधनिबंध २०१८ चा. एमएलआयआर २०१९ चा. त्याच वर्षी फिलिप टिले याने हार्वर्डमध्ये ट्रायटन मांडला. २०२१ मध्ये ओपनएआयने तो सगळ्यांसाठी खुला केला. मार्च २०२३ मध्ये पायटॉर्च २.० आलं आणि कंपायलर थेट सामान्य मॉडेलवाल्याच्या हाताशी आला. म्हणजे या कामाचा वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस जगात कुठेच नाही. टंचाईचं पहिलं कारण हेच.

एवढा पैसा येतो कुठून?

आमच्याकडे पगाराचा संबंध लगेच हुशारीशी जोडला जातो. ज्याला जास्त मिळतो तो जास्त हुशार. हा समज मुलांच्या डोक्यातून काढायला हवा. पगार ठरतो तो माणसाच्या हातून वाचणाऱ्या किंवा बुडणाऱ्या पैशावर.

एक साधा हिशेब करू. मेटा कंपनीने २०२४ मध्ये आपलं सर्वांत मोठं लामा ३ मॉडेल तयार केलं, तेव्हा त्यासाठी सोळा हजारांपर्यंत एच१०० चिप एकाच वेळी वापरल्या. अशा एका चिपची किंमत त्या काळात पंचवीस ते तीस हजार डॉलर सांगितली जात होती. समजा, कंपायलरमध्ये सुधारणा करून कुणी पाच टक्के वेग वाढवला. सोळा हजारांचे पाच टक्के म्हणजे आठशे चिप. पंचवीस हजारांचा भाव धरला तरी दोन कोटी डॉलर, आपल्याकडचे दीडशे कोटींहून जास्त. विजेचा आणि वेळेचा हिशेब अजून धरलेलाच नाही. ज्या चार-पाच माणसांनी हे केलं त्यांना कंपनीने प्रत्येकी चार लाख डॉलर दिले, तर ती उदारता म्हणता येणार नाही. साधा व्यापार आहे.

उलट्या बाजूनेही हेच दिसतं. चीनच्या डीपसीक कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये आपलं व्ही३ मॉडेल जाहीर केलं. अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे त्यांना उत्तम चिप मिळत नव्हत्या. त्यांनी २,०४८ एच८०० चिपवर काम भागवलं, आणि त्यासाठी त्यांचे इंजिनिअर चिपच्या अगदी जवळच्या भाषेत आज्ञा लिहिण्यापर्यंत खाली उतरले. यंत्र कमी पडलं तिथे यंत्र जाणणारी माणसं कामी आली. म्हणजे चिप महाग असली तरी या माणसांची गरज, आणि चिप मिळत नसली तर ती आणखी जास्त.

आता आकडे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून पंधरा किंवा त्याहून जास्त नोकर असलेल्या कंपनीला नोकरीच्या जाहिरातीत पगाराची मर्यादा छापावीच लागते. त्यामुळे अंदाजपंचे बोलायची गरज नाही, कुणीही जाहिराती उघडून पाहू शकतो. तिथल्या मोठ्या चिप कंपन्यांत कंपायलर इंजिनिअरचा मूळ पगार हुद्द्याप्रमाणे साधारण दीड लाख ते साडेतीन लाख डॉलरच्या दरम्यान असतो. डॉलर पंच्याऐंशी रुपयांचा धरला तर सव्वा कोटी ते तीन कोटी. वर कंपनीचे शेअर, जे सहसा चार वर्षांत थोडे थोडे हातात पडतात. तुलनेसाठी सांगतो, अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये सॉफ्टवेअर डेव्हलपरचा मध्यम वार्षिक पगार १ लाख ३३ हजार डॉलर होता. म्हणजे कंपायलरवाल्याची सुरुवातच जवळपास तिथून होते.

पण दोन कोटी म्हणजे पुण्यातले दोन कोटी नव्हेत. त्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच करात जातो. सिलिकॉन व्हॅलीत वन बीएचकेचं भाडं महिना अडीच-तीन हजार डॉलर. शेअरचा भाग तर नशिबाचा. एनव्हिडियाचा शेअर चढला म्हणून तिथल्या माणसांची कमाई डोळे दिपवते. इंटेलचा शेअर २०२४ या एकाच वर्षात निम्म्याखाली घसरला, तिथेही तितक्याच तोडीचे कंपायलरवाले बसलेले होते. सोशल मीडियावर पहिल्यांचे आकडे फिरतात. दुसरे गप्प बसतात.

आपल्या देशात जाहिरातीत पगार छापण्याची सक्ती नाही. मोठ्या सेवा कंपन्या नवख्या इंजिनिअरला वर्षाला सव्वातीन ते चार लाखांच्या आसपास देतात, आणि हा आकडा दहा-पंधरा वर्षं जवळपास जागचा हललेला नाही. चिप कंपन्यांतल्या कंपायलरच्या कामाला त्याच्या कितीतरी पट मिळतात. नेमके किती, ते त्याच कंपनीत मामा, मावसभाऊ किंवा कॉलेजचा सीनियर असेल त्याला कळतं. ज्याच्या खानदानात पहिला इंजिनिअर तोच आहे, त्याने कुणाला विचारायचं? मुलाखतीच्या शेवटी ‘तुमची अपेक्षा काय?’ असं विचारल्यावर अशी मुलं मिळण्याजोगा निम्मा आकडा बोलून बाहेर येतात. गुणवत्तेत कुठेही कमी नसतात. माहितीचं भांडवल नसतं. म्हणून पगाराची चर्चा उघडपणे करणं मला उथळ वाटत नाही. ज्यांना ती उथळ वाटते, त्यांना बहुधा सगळं आधीच ठाऊक असतं.

खाचखळगे

आता दुसरी बाजू. हे क्षेत्र अरुंद आहे. वेबसाइट आणि ॲप बनवणाऱ्यांना हजारो मालक मिळतात. एमएल कंपायलरवाल्याला जगभरात काही डझन. चिप बनवणाऱ्या कंपन्या, गूगल-मेटासारखे मोठे एआयवाले आणि काही नव्या कंपन्या. भारतात हे काम मुख्यतः बंगळूर, हैदराबाद आणि पुण्यात आहे. एनव्हिडियाचं मोठं केंद्र पुण्यात असल्यामुळे मराठी मुलांना एक दार जवळ आहे, एवढं खरं. पण नांदेड, मालेगाव किंवा चिपळूणला घरी राहून पहिली नोकरी मिळेल, अशी आशा धरू नये.

नव्या कंपन्यांचा भरवसा नसतो. इंटेलने २०१६ मध्ये नर्व्हाना ही एआय चिपची कंपनी घेतली. २०१९ च्या शेवटी हबाना घेतली आणि काही आठवड्यांतच नर्व्हानाच्या चिपचं काम थांबवलं. इंग्लंडच्या ग्राफकोरची किंमत २०२० च्या शेवटी पावणेतीन अब्ज डॉलरच्या घरात धरली गेली होती. २०२४ मध्ये ती सॉफ्टबँकेच्या पदरात पडली. टीव्हीएमच्या निर्मात्यांनी काढलेली कंपनी त्याच वर्षी एनव्हिडियाने विकत घेतली. यांतल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी त्या एकाच चिपसाठी कंपायलर लिहीत होतं. चिप गेली की त्या चिपपुरतं शिकलेलं सगळं रद्दीत जातं. ज्यांचा पाया पक्का होता ते दुसरीकडे रुजू झाले. ज्यांना फक्त त्या चिपची बटणं दाबता येत होती, त्यांची पंचाईत झाली.

व्हिसाचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं. म्हणून ‘अमेरिकेतला पगार’ हेच एकमेव ध्येय ठेवून या वाटेला लागू नये. ते दार कधी उघडेल आणि कधी बंद होईल, ते आपल्या हातात नाही.

आणि एआयच हे काम खाऊन टाकणार नाही का? प्रश्न रास्त आहे. गूगलने मे २०२५ मध्ये अल्फाइव्हॉल्व्ह जाहीर केलं. त्या प्रणालीने जेमिनी मॉडेलच्या प्रशिक्षणातल्या गुणाकाराच्या एका महत्त्वाच्या तुकड्याचा वेग २३ टक्क्यांनी वाढवला आणि प्रशिक्षणाचा एकूण वेळ एक टक्क्याने घटला. तेव्हा तुकडे हाताने घासूनपुसून चकचकीत करण्याचं काम कमी होणार, याबद्दल मला शंका नाही. राहील ते कोणतं? यंत्राने काढलेलं उत्तर बरोबर आहे याची खात्री करणं, नव्या चिपसाठी भाषांतराची चौकटच उभी करणं, आणि गुणाकार वेगवान झाला पण उत्तर सहाव्या दशांशाला चुकतंय, हे हुडकून काढणं. ही कामं वरवर शिकलेल्याला जमणार नाहीत. एआयमुळे उथळ आणि खोल यांच्यातलं अंतर वाढेल, असं मला दिसतं. खोल जायला किती दिवस लागतात, त्याकडे आता वळू.

दार मोकळं आहे, म्हणजे कसं?

या क्षेत्राची मला आवडणारी गोष्ट ही की त्याची बरीच मोठी कार्यशाळा भर रस्त्यावर मांडलेली आहे. एलएलव्हीएम, एमएलआयआर, ट्रायटन, टीव्हीएम, पायटॉर्च, सगळ्यांचा कोड खुला आहे. तुम्ही सुधारणा पाठवता, जगाच्या दुसऱ्या टोकाचा अनुभवी माणूस ती ओळ न् ओळ वाचतो, चुका दाखवतो, तुम्ही दुरुस्त करता. तो तुमचं कॉलेज विचारत नाही. आडनाव विचारत नाही, मोहल्ला विचारत नाही. भाड्याचं घर शोधताना आडनावावरून काय काय ऐकावं लागतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको. पुढे नोकरीच्या मुलाखतीत भेदभाव होणारच नाही, अशी हमी मी देत नाही. पण तुमची स्वीकारली गेलेली पन्नास कामं तारखेसकट जगासमोर असतील, तर ‘याला काही येत नाही’ असं म्हणायची सोय राहत नाही.

हा विषय आपल्या मातीला परकाही नाही. पुणे विद्यापीठातून शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी सिस्टिम प्रोग्रॅमिंग शिकलं ते आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांच्या पुस्तकातून. पुस्तकामागचा माणूस कंपायलरच्या सुधारणांवर जागतिक तोडीचं संशोधन करत होता, हे परीक्षेपुरतं वाचणाऱ्या आमच्यापैकी अनेकांच्या गावीही नव्हतं. त्याच संस्थेत उदय खेडकर यांनी जीसीसी या खुल्या कंपायलरच्या अभ्यासाचं केंद्र चालवलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उदय बोंधुगुला एमएलआयआरच्या मूळ निबंधाच्या लेखकांपैकी आहेत. म्हणजे या विषयात आपल्याकडून फक्त मजूर गेले नाहीत, उस्तादही झाले.

शिकायचं काय, याची यादी लांब नाही, पण चिवट आहे. सी++ नीट, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला हजारो ओळींचा कोड वाचता येईल इतकी. प्रोसेसर आणि मेमरी आतून कशी चालते ते. रेषीय बीजगणित. कंपायलरचा जुना, पुस्तकी पाया. मग एलएलव्हीएमवाल्यांनी स्वतः लिहिलेला ‘कॅलिडोस्कोप’ हा धडा, ज्यात एक छोटी भाषा स्वतः घडवायची असते. त्यानंतर एमएलआयआरचा ‘टॉय’ हा धडा. दोन्ही फुकट आहेत. जीपीयू नसेल तर गूगल कोलॅबवर थोडा वेळ तोही फुकट मिळतो आणि ट्रायटनचे पहिले प्रयोग त्यावर होतात. मग प्रकल्पातली नवख्यांसाठी खूण करून ठेवलेली सोपी कामं. उन्हाळ्यात ‘गूगल समर ऑफ कोड’मध्ये एलएलव्हीएमचे विषय असतात, त्यात निवड झाली तर मानधनही मिळतं.

‘सहा महिन्यांत एमएल कंपायलर तज्ज्ञ, नोकरीची शंभर टक्के हमी’ असं सांगणारे क्लास आता निघतील. त्यांच्यापासून सावध राहा. सहा महिन्यांत फार तर आपल्याला काय येत नाही, ते कळतं. बऱ्या मुलाला, रोज तीन-चार तास दिले तर, पहिलं दखलपात्र काम हातून व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. अनेक जागांसाठी एम.टेक. किंवा पीएच.डी. झालेल्यांना प्राधान्य मिळतं, ते आणखी वेगळं.

वेळ कोण देणार?

गाडं अडतं ते इथे. माझ्या वर्गात एक मुलगा होता. वडील रिक्षा चालवायचे. कंपायलरच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या वर्गातले इतर सगळे एकमेकांच्या उतरवून काढत. याने स्वतःची छोटी भाषा बनवून आणली होती. मी त्याला गेटची परीक्षा देऊन एम.टेक. कर म्हटलं. त्याचे वडील मला भेटायला आले. अदबीने बोलले, ‘सर, तुम्ही सांगता ते खरं असणार. पण धाकटीचं शिक्षण आहे, कर्जाचा हप्ता आहे. दोन वर्षं आणखी कशी काढायची?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाने साडेतीन लाखांची नोकरी धरली. आज तो कुणाच्या तरी जुन्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी सोडवतो. घर चालवतो, बहिणीला शिकवतो. त्याने काही चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या जागी ज्याचे वडील बँकेत अधिकारी होते असा मुलगा असता, तर त्याला ती दोन वर्षं मिळाली असती.

गेट पास होऊन एम.टेक.ला गेलेल्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात. त्यात एकट्याचं कसंबसं भागतं, घरी पाठवायला काही उरत नाही. पीएच.डी.ला निवडक मुलांना जेआरएफचे ३७,००० मिळतात. अल्पसंख्याक मुलांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप होती. केंद्र सरकारने ती २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. इतर योजनांशी ती जुळते, असं कारण दिलं. आधीच उच्च शिक्षणातला आपला टक्का तोकडा. सरकारच्याच २०२०-२१ च्या पाहणीत एकूण विद्यार्थ्यांत मुसलमान ४.६ टक्के होते, लोकसंख्येत १४ टक्क्यांवर असताना. बारावीनंतर चाळण लागते, पदवीनंतर आणखी बारीक लागते, आणि ज्या कामांचे पगार डोळे दिपवतात ती सगळी त्या शेवटच्या चाळणीच्या पलीकडे आहेत. फेलोशिप परत सुरू करा ही मागणी म्हणूनच भावनेची नाही, हिशेबाची आहे. ती लावून धरली पाहिजे.

पण सरकारकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. गावोगावी आपल्या जमाती आहेत, ट्रस्ट आहेत, शिष्यवृत्ती देणारे सज्जन आहेत. त्यांच्या मदतीची रीत बहुतेक ठिकाणी ठरलेली. दहावी-बारावीला गुण मिळाले की ट्रॉफी, प्रवेशाच्या वेळी फीचे पाच-दहा हजार, ते शंभर मुलांत वाटून. हेतू नेक आहे आणि त्याने अनेकांचं भलं झालं आहे. त्यातून शंभर मुलं पहिली पायरी चढतात, ती मदत चालूच राहावी. माझी विनंती एवढीच की तिच्या जोडीला एक वेगळा निधी असावा. वर्षाला फक्त दोन मुलं किंवा मुली निवडा. पदवीनंतर दोन वर्षं त्यांना महिना पंचवीस हजार द्या, ज्यातले दहा हजार थेट घरी जातील. चौघे एकाच वेळी या योजनेत असतील तेव्हा वर्षाचा खर्च बारा लाख. आपल्या भागातल्या एका बऱ्यापैकी शादीच्या हॉल, जेवण आणि डेकोरेशनचा खर्च काढून पाहा, आणि मग हा आकडा मोठा आहे का ते सांगा.

दुसरी गोष्ट त्याहून स्वस्त. एलएलव्हीएमसारखा प्रकल्प आठ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर बांधायला घेतला तर तासन्‌तास लागतात, कधी लॅपटॉप मध्येच गुदमरतो. मुलगा कंटाळतो आणि ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं ठरवतो. जमत सगळं असतं, यंत्र तोकडं असतं. शहरातल्या एका अभ्यासिकेत चौसष्ट जीबी मेमरीचा एक दणकट संगणक आणि चांगलं इंटरनेट ठेवलं, तर दहा मुलं पाळीपाळीने त्यावर काम करतील. मुलींना यायला-जायला सोयीच्या वेळा ठेवा. दूरच्या शहरात पाठवायला घरचे कचरतात अशा कितीतरी हुशार मुलींचं पहिलं दीड वर्ष गावातच सत्कारणी लागेल. हातात काम दिसलं की पुढचा निर्णय घरच्यांनाही सोपा जातो.

तिसरी गोष्ट फुकट. आपल्यातले जे पुण्या-बंगळूरला, आखातात, अमेरिकेत अशा कामांवर पोहोचले आहेत त्यांनी महिन्यातला एक तास द्यावा. पगार किती मिळतो, मुलाखतीत काय विचारतात, किती मागावं, हे स्पष्ट सांगावं. वर जे माहितीचं भांडवल म्हटलं, ते वाटल्याने कमी होत नाही.

गुणगौरव समारंभांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘अल्गोरिदम’ हा शब्द आपल्या अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून आला आहे, वगैरे. टाळ्या पडतात. गोष्ट खरी आहे आणि अभिमान वाटणंही स्वाभाविक आहे. पण त्या गोष्टीतला एक तपशील वक्ते गाळतात. नवव्या शतकातल्या बगदादमध्ये खलिफा मामूनचा आश्रय होता, ग्रीक आणि भारतीय ग्रंथांचे अनुवाद करणारे दुभाषे पगारावर बसवलेले होते, म्हणून अल्-ख्वारिज्मीला पोटाची चिंता न करता बीजगणित लिहिता आलं. विद्वान घडला, कारण कुणीतरी त्याच्या वेळेची किंमत मोजली होती.

तेव्हा ‘सर, खरंच एवढा पगार मिळतो का?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं: मिळतो, बेटा, पण दोन-तीन वर्षं बिनपगारी खपलेल्याला मिळतो. आणि त्याच्या अब्बांना, जमातीच्या सदरांना, ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांना माझा प्रश्न असा: ती दोन-तीन वर्षं त्याला कोण देणार?